मामंजींची तिथी आणि हजार तास

"मयतासाठी सुट्टी देतात ना तुमच्या कॉलेजात?"

"देतात, आई. माणूस यंदा गेलेला असला तर."

"म्हणजे अकरा वर्षांपूर्वी गेला तो काय परत आला?"

"तसं नाही. पण दाखला मागतात. दरवर्षी मामंजींच्या मृत्यूचा नवा दाखला मी कुठून आणू?"

"जिभेला हाड नाही तुझ्या," सासूबाई म्हणाल्या आणि मुळ्याच्या सालीसकट अर्धा मुळाही सोलून मोकळ्या झाल्या.

दुसिक स्वयंपाकघरात खाली वर्तमानपत्र पसरून चेस्टनट सोलत बसला होता. कोरियातल्या मोक्पोच्या बंदरावर बोटींना बर्फ पुरवणारा हा माणूस आई आणि बायकोच्या भांडणात लादीसारखा गप्प बसे. श्राद्धाचे चेस्टनट सोलणं हे पुरुषाचं काम. ते झालं की पुरुषाचं काम संपलं. मासे तळणं, आंबवलेला होंगो मासा कापणं, भाज्या परतणं, रस्सा आटवणं, ताटं मांडणं हे सगळं मिरानचं, आणि गेली बावीस वर्षं तिनं ते केलं होतं.

आज मात्र तिची दुपारची पाळी होती. तीन वाजता शहराबाहेरच्या मानसोपचार रुग्णालयात हजेरी.

मिरान पंचेचाळिशीची, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती गिमच्या कारखान्यात समुद्री शेवाळाचे खाण्याचे कागद वाळवायला. पुढे मदतनिसाचा परवाना काढून वृद्धांच्या रुग्णालयात लागली. तिथे पाळी बदलताना परिचारिका आत बसून रुग्णांची माहिती एकमेकींना देत, आणि मदतनिसांनी दाराबाहेर थांबायचं. कोण रात्रभर कण्हत होतं, कोणी पेज थुंकली, हे मिरानला ठाऊक असायचं. पण तिला आत कोणी बोलवत नसे. एके दिवशी थांबून थांबून तिचे पाय भरून आले आणि तिनं ठरवलं, आत जायचं.

ठरवणं सोपं होतं. आधी बाहेरून शाळेची परीक्षा. गणितात दोनदा नापास. मग मोठ्या वयाच्यांसाठी ठेवलेल्या मोजक्या जागांसाठी अर्ज आणि मुलाखत. प्राध्यापकबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, "इथे पाठांतर फार असतं. या वयात झेपेल?"

"बाई, सासरच्या चार पिढ्यांच्या श्राद्धाच्या तिथ्या मला पाठ आहेत," मिरान म्हणाली, "आणि त्यातली तीन पिढ्यांची माणसं मी पाहिलेलीसुद्धा नाहीत."

प्रवेश मिळाला. वर्गातल्या पोरी तिला मोठ्ठी ताई म्हणत आणि तिच्याच डब्यातली किमची संपवत.

पण या पदवीचं गणित कडक. सगळे विषय पास व्हायचे ते व्हायचेच, वर वॉर्डात प्रत्यक्ष हजार तास भरायचे. विद्यार्थ्यांनी वॉर्डात खुर्चीला टेकायचं नाही, हेही त्यात आलं. मदतनीस म्हणून केलेली सगळी वर्षं त्या हजारात धरत नाहीत. तिथे सगळे शून्यापासून. आजारपण किंवा घरातला मृत्यू सोडून पाळी चुकवली तर तो विभाग नापास. मग तो पुढच्या वर्षी, मागून आलेल्या पोरींबरोबर.

मिराननं काळजी घेतली नव्हती असं नाही. मामंजींची तिथी सातव्या चांद्र महिन्यातली, दरवर्षी ऑगस्टात येणारी. तिची मानसोपचार विभागाची पाळी चिठ्ठीत ऑगस्टातच निघाली, तेव्हा तिनं बोमी नावाच्या पोरीशी अदलाबदल करून सप्टेंबर घेतला. घरी येऊन जेवताना ते मोठ्या फुशारकीनं सांगितलंही. फक्त यंदा अधिक महिना आहे हे विसरली. सहावा महिना दोनदा आला, तिथी सरकली, आणि बाईनं धडपड करून स्वतःची पाळी नेमकी तिथीवर नेऊन बसवली.

"पुरुषासारखी कामाची पाळी-पाळी करतेस," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी तुला लेकीसारखं वागवलं. एक संध्याकाळ त्यांच्यासाठी नाही?"

"शेवटची सहा वर्षं मामंजी अंथरुणावर होते. कुशीवर कोण वळवायचं त्यांना?"

सासूबाईंनी दुसरा मुळा ओढला.

"तुम्ही दारापर्यंत यायचात आणि परत जायचात. मी कधी बोलले? ते तासही कोणी धरत नाही, ना कॉलेज, ना तुम्ही."

"अगं, हळू," दुसिक पुटपुटला.

"तुम्ही चेस्टनट सोला. नाहीतर असं करा, सोलून झाले की मासेही तळा. पिठात घोळवायचे, अंड्यात बुडवायचे, मंद आचेवर सोडायचे. भाताचा कुकर बटणावर आहे. पूर्वी आपण श्राद्ध मध्यरात्रीच करायचो, आईंच्या गुडघ्यांसाठी मीच ते संध्याकाळी आणलं. आज पुन्हा मध्यरात्री करू. मी अकराला सुटते. येऊन वाकून नमस्कार करीन, मामंजींच्या ताटापुढे दारू ओतीन, सगळं करीन. तळणार मात्र नाही."

"मी तळू?" दुसिकनं हातातल्या चेस्टनटकडे पाहिलं.

"बाप तुमचा आहे."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "माझा मुलगा श्राद्धाचं तळणार आणि सून वेड्यांच्या दवाखान्यात उभी राहणार. तू त्या पोरीशी अदलाबदल केलीस ना, तेव्हाच मला कळलं होतं असं होणार."

मिरान पिशवीत पांढरे बूट कोंबत होती. ती थांबली. "तेव्हाच? अधिक महिना आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी काय तुझ्यासारखी शिकलेली आहे? मला पंचांगच कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी मुळ्याच्या साली एका बाजूला ओढल्या.

"वाटलं, अडलीस तर राहशील घरी," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, घरात कोणी नसतंच."

मिराननं पिशवीची चेन ओढली. ती अडकली, तिनं ती मागे घेतली आणि पुन्हा ओढली. राग आला होता, पण तो नेमका कुठे ठेवावा ते तिला समजेना. तीन वाजता हजेरी होती. बस सुटायला वेळ फार उरला नव्हता.

"होंगो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "पातळ कापा."

ती उंबरठ्याशी जाऊन चपला घालू लागली. मागून सासूबाई उठल्याचा आवाज आला, गुडघ्यावर हात टेकून, भिंतीला धरत.

"सूनबाई," त्यांचा आवाज खाली आला होता. "आणि मी मेल्यावर? माझ्या तिथीलाही तुझी दवाखान्यातली पाळीच असेल?"

मिराननं दुसरी चप्पल चढवली, पिशवी खांद्यावर घेतली आणि दार उघडून ती बाहेर पडली.