अमावस्येला भूगोलाचा तास

"बाई, हे पुसून काढा. तुमच्या हातानं. शिपायानं हात लावायचा न्हाय."

संस्थेचे चेअरमन वर्गाच्या दारात उभे होते. मी सातवीच्या टेबलाजवळ. टेबलावर मातीचा डोंगर, पिळलेली लिंबं, कुंकवाची पुडी. डोंगराच्या तोंडातून लाल फेस उतू जात होता, खाली फरशीवर ठिबकत होता. आत्ता आत्तापर्यंत टाळ्या पिटणारी पोरं बाकांवर जाऊन बसली होती.

मी म्हणाले, "सर, हा ज्वालामुखी आहे. भूगोलाचा धडा."

"मला शिकवू नका. लिंबू, कुंकू, त्यात आज अमावस्या. तुमच्यात चालत आसंल हे. शाळंत न्हाय."

तुमच्यात. हा शब्द त्यांनी हळूच उच्चारला, पण मागच्या बाकापर्यंत गेला. मला तर अमावस्या आहे हेही ठाऊक नव्हतं. माझ्या वेळापत्रकात तिसरा तास भूगोल होता. बस्स.

मी पुसलं. गुडघ्यावर बसून, पदर खोचून. कुंकू फरशीच्या फटीत बसतं, सहज निघत नाही. घासत राहिले. चेअरमनच्या मागं हेडमास्तर उभे होते. विज्ञानाचे पदवीधर. सोड्यावर लिंबू पिळलं की काय होतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत. ते खिडकीबाहेर बघत राहिले. माणसाच्या मनात ज्वालामुखी असतो असं लोक लिहितात. माझ्या मनात काही उसळलं नाही. लाज वाटली, नुसती लाज. पोरांसमोर रडायचं नाही म्हणून ओठ चावला, तरी रडू आलंच.

ही गोष्ट दोन हजार साल उलटल्यानंतरची, हातकणंगल्याकडच्या एका गावातली. मी नवी शिक्षणसेवक, कायम होण्याची वाट बघणारी. पुस्तकात ज्वालामुखीचं एक काळपट चित्र होतं. आदल्या दिवशी सुरेखा नावाच्या मुलीनं विचारलं होतं, "बाई, डोंगर आपसूक फुटतोय व्हय?" आता हिला चित्रावरून काय सांगणार? मी म्हटलं, उद्या फोडूनच दाखवते.

दिवाळीचा किल्ला करणारी पोरं ती. माती मळायला शिकवावं लागलं नाही. मधे फोटोच्या रोलची रिकामी डबी बसवली. तिच्यात खायचा सोडा आणि रंगाला कुंकू. कुंकू सुरेखानंच घरून आणलेलं. मी सांगत होते, जमिनीच्या खाली खोल दगडसुद्धा वितळतो. त्या शिलारसात वायू कोंडलेला असतो. भेग सापडली की तो रसाला घेऊन वर उसळतो. आपल्या पन्हाळ्याचा काळा दगड म्हणजे असाच थिजलेला लाव्हा. "म्हंजी आपण लाव्हावर बसलोय?" पोरं ओरडली. मी लिंबू पिळलं. फेस आला. वर्ग डोक्यावर घेतला त्यांनी. त्याच गलक्यानं चेअरमन आले. नव्या खोल्यांचं बांधकाम बघायला आले होते.

संध्याकाळी दादांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हण की चूक झाली. बोलल्यानं काय अंगाला भोकं पडत्यात व्हय?"

माझे दादा. आमच्या गावात अमावस्या झाली की तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, उतारे पडायचे. दहीभात, लिंबू, नारळ. त्याला कुणी हात लावायचा नाही, म्हणून मांगवाड्यातल्या माझ्या बापानं लावायचा. गावच बोलवायचं त्यांना. तो नारळ घरी यायचा, आम्ही पोरं खोबरं खायचो, आम्हाला कधी काही झालं नाही. उतारा टाकणारे ते. उचलणारे आम्ही. आणि करणी करणारे कोण? तर आम्हीच.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर फाटकाशी सुरेखाची आई उभी. ऊस भांगलायला जाणारी बाई, हातात खुरपं. सुरेखाच्या मनगटाला काळा दोरा बांधलेला. त्या बाईनं मला हात जोडले.

"बाई, पोरीच्या हातचं कुंकू वापरलासा. लेकराचं काय चुकलं? काढून घ्या की तिच्यावरचं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली होती. मला. मी काही बोलायच्या आत सुरेखा आईच्या मागं सरकली.

हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं. "प्रार्थनेला उभं राहून चूक झाली म्हणा. विषय संपला. नोकरी तरी ऱ्हाईल."

तिथं मला उमगलं. चूक झाली म्हणायचं, म्हणजे मी करणी केली असं म्हणायचं. सुरेखा ते जन्मभर खरं मानणार. मी कायम होणार, आणि तिच्या मनातली भीतीही कायम होणार.

मुलं ओळीत उभी होती. मी माईक हातात घेतला. "काल मी ज्वालामुखी शिकवला. त्यात चूक काही नव्हती. लिंबू आंबट असतं. ते सोड्यावर पडलं की वायू सुटतो, म्हणून फेस येतो. कुणाच्याही हातून येतो. घरी करून बघा. करणी म्हणून काही नसतं." एवढंच बोलू दिलं. कुणीतरी माईक बंद केला.

त्यांनी मला कायम केलं नाही. सुरेखाला तिच्या आईनं दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं. दाखला न्यायला आली तेव्हा माझ्या वर्गावरून गेली, पण तिनं आत बघितलं नाही. ते मला अजून सोसत नाही. नोकरीचं दुःख विरलं, त्याचं विरत नाही.

आता मी शाहूवाडीकडं शिकवते. हा धडा दरवर्षी येतो. शिकवण्याआधी मी फळ्यावर माझं पूर्ण नाव लिहिते, आडनावासकट. मांगाची बाई भूगोल शिकवते, हे पोरांनी घरी जाऊन सांगावं. ज्याला भ्यायचं असेल त्यानं खुशाल भ्यावं. पण गप्प बसून मी कुणाची भीती खरी ठरू देणार नाही.