लांबूनच ओरडणारी मावशी

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. पण नर्मदामावशीबद्दल लिहून ठेवायचं आहे. तोंडाने मला सांगता येत नाही.

मावशी मूळची माले नावाच्या खेड्यातली, लवळे गावात कॉलेजच्या विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. ती माझ्या पाठीमागून कधी गुपचूप येत नसे. लांबूनच ओरडायची, "रैने, आले गं मी!" जेवणारी पोरं हसायची, "मावशी, हॉर्न लई मोठा हाय तुमचा!"

"गाडी जुनी हाय, बाबांनो," ती म्हणायची.

खरं कारण आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मी दहा वर्षांची असताना बंदूकवाल्यांनी मला गडचिरोलीतल्या आमच्या गावातून जंगलात नेलं. सहा वर्षं मीही बंदूक घेऊन त्यांच्याबरोबर फिरले. पळून सुटले, तेव्हा आश्रयगृहातल्या ताईंनी मला मावशीकडे कामाला लावलं. पहिल्याच आठवड्यात तिने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला आणि मी कांद्याची सुरी तिच्या गळ्याशी नेली. मावशी हलली नाही. म्हणाली, "चूक माझी हाय. चिर तू कांदा." तेव्हापासून ती ओरडत येऊ लागली.

मला आईकडे जायचं होतं. पण आमच्या गावात असं गेलेल्या माणसाला परत घ्यायचं, तर त्याने सगळ्या गावाला जेवण घालायचं. गाव जेवलं तरच तो गावचा. आठ हजार लागणार होते. मावशीने दिले आणि बजावलं, "फेडायचे हायेत. माफ-बिफ करायची न्हाई मी." माझी कीव पुष्कळांनी केली होती. ही फेडेल, असं फक्त मावशीला वाटलं.

ती सोबतही आली. पंगत बसली, भात वाढला, पण कोणी हात लावेना. पुढे बसलेल्या, गावातल्याच एका आजोबांच्या घरातलं धान्य मी बंदूक दाखवून नेलं होतं. आई बाजूला खाली मान घालून उभी होती. मावशी उठली. "हिला नेली तवा तुमी आडवं आला न्हाई. आता जेवा तरी! रैने, सांग त्यांना तुमच्या भाषेत."

मला फार लाज वाटली. मी आमच्या बोलीत एवढंच म्हणाले, "जेवा."

आजोबा हसले. मराठीत म्हणाले, "पोरी, बाई तं लय जास्त बोलली होती." आणि त्यांनी भातात हात घातला. त्या रात्री मी आईजवळ झोपले.

आता दरवर्षी घरी जाते. फेडायचं होतं, म्हणून मात्र परत लवळ्याला येत राहिले.

काल कांदा चिरत असताना पाठीवर हात पडला. "काय गं मावशी?" मी म्हटलं आणि चिरत राहिले.

मावशीचा हात तसाच राहिला. "अगं बया! वरडायचं इसरलेच की मी."

सुरी कांद्यातच होती. मी हात पुसले आणि कनवटीचे शेवटचे पाचशे रुपये तिला दिले. तिने ते दोनदा मोजले.

"फिटलं गं," म्हणाली.