बार वेळेवर बंद करणारा चोर

आरोपीच्या हातचं पोटभर जेवून तपास संपवला, असं माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच घडलं. म्हणून ती केस अजून आठवते, आणि आठवली की हसू येतं.

मी तेव्हा अमरावतीत ठाणेदार होतो. राजापेठेच्या एका गल्लीत खाली बार आणि वर मालकाचं घर अशी इमारत होती. मालक मूळचा भातकुलीकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, बोलायला गोड. आधी तो गल्लीत निजानीज व्हायच्या आत शटर ओढायचा. पुढं हायवेला मोठे बार झाले, गिऱ्हाईक तिकडं वळलं, तसा हाही परवान्याच्या शेवटच्या मिनिटापर्यंत बसू लागला. तेवढ्यानं भागेना, म्हणून वेळ आणखी वाढवून मिळावी असा अर्ज केला. तो अर्ज आमच्याकडे अभिप्रायासाठी आला आणि पाठोपाठ गल्लीची हरकतही आली. हरकत घेणाऱ्यांचे पुढारी होते शिकवणी घेणारे गणिताचे एक सर.

त्याच सुमारास मालक तक्रार घेऊन ठाण्यात आला. "साहेब, माह्या बारचा फ्यूज कोणीतरी काढून नेऊन राहिलं. बरोबर जुन्या टायमाले. नवा आणून बसवतो, तं तोही गायब!"

उन्हाळ्याचे दिवस होते. वऱ्हाडात मे महिन्यात कूलर बंद पडला तर माणूस देवळातही बसत नाही, मग बारमध्ये कोण बसणार? मालकाचा संशय सरांवर होता. सरांवर गुन्हा दाखल झाला असता तर हरकतीची हवाच गेली असती. हे त्याला कळत होतं आणि मलाही.

आम्ही पंचनामा केला. मीटरची काळी पेटी जिन्याखाली, बारच्या बाहेर. बारमध्ये कॅमेरे होते, पण सगळे पैशाच्या गल्ल्याकडं तोंड करून. पेटीच्या झाकणावर मात्र पांढरी बोटं उमटली होती. आमचे जमादार म्हणजे जुनं खोड. ते म्हणाले, "चुना हाय साहेब. कोण्या तंबाखूवाल्याचं काम." दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं खबर दिली की सर रोज अंधार पडला की त्याच जिन्यापाशी उभे असतात. आणि सर तंबाखू खात, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

सरांना ठाण्यात बोलावलं.

"जिन्यापाशी कायले उभे राहता?"

"माह्या क्लासच्या पोरी तिथून सायकली काढतात. त्या जाईपर्यंत उभा राहतो. बारमधून कोण कसा बाहेर येईन, काय सांगता येते?" सर तापले होते. "अन् मी हरकतीवर उघड सही केली ना? मंग लपून फ्यूज काहून चोरू?"

रागाच्या भरात सवयीनं त्यांनी तंबाखूची पुडी काढली आणि माझ्यासमोरच हातावर मळायला लागले. जमादारांनी डोळे वटारले. मी मात्र त्यांच्या हाताकडं पाहत राहिलो. चुना लागला होता तो एका हाताच्या अंगठ्याला आणि दुसऱ्याच्या तळव्याला, बाकी बोटं कोरडीच. पंचनाम्याच्या फोटोत पाचही बोटं होती, तळव्यासकट. एवढा चुना कोणी खाल्ला तर त्याला ठाण्यात नाही, दवाखान्यात न्यावं लागेल. सरांची माफी मागितली, चहा पाजला आणि घरी पाठवलं.

ते पांढरं चुना नव्हतं तर काय, हे पाहायला दुपारी मालकाला घेऊन त्याच जिन्यानं वर त्याच्या घरी गेलो. त्याची म्हातारी आई ओट्याशी भाकर थापत होती. हात मनगटापर्यंत ज्वारीच्या पिठानं पांढरे. दारात वर्दी दिसली आणि तिचा हात थांबला. मी काय ते समजलो.

"माय, फ्यूज कुठी हाय?"

तिनं पदराला हात पुसले, ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक फ्यूज काढून माझ्यासमोर मांडला.

मालक बघतच राहिला. "माय, तू? काहून?"

"तुले गरम भाकर पायजे म्हणून पीठ मळून बसतो. तू टायमावर वर येत नाईस, मंग मीच खाली जातो."

"अन् शॉक लागला असता तं?" मी विचारलं.

"रबरी चप्पल घालूनच काढतो ना बाप्पा! येवढी येडी नाई मी."

तेव्हा सून बोलली. लेक जेवल्याशिवाय सासूबाई घास घेत नाहीत. शुगरची गोळी जेवणासोबतची, म्हणून तीही राहते. मागं एकदा वाट पाहता पाहता चक्कर येऊन ओट्यापाशी पडल्या होत्या. "नवऱ्याले सांगू नको, अशी शपथ घातली मले."

मालक भिंतीला टेकून खालीच बसला. "तू जेवून घेत जा ना, माय."

"तुहा बाप वावरातून येईपर्यंत कधी जेवली नाई मी. आता मराच्या वक्ताले नवी सवय लावू काय? अन् तू तं आणखीन टायम मागून राहिला. मंग मी जेवू कवा? पहाटे?"

मला हसू आलं. मालक भिंतीचा आधार घेत उठला. मग म्हणाला, "साहेब, तक्रार वापस घेतो." आईकडं पाहून पुढं म्हणाला, "अन् तो टायमाचा अर्जबी."

"दोन्ही लिहून दे," मी म्हटलं. म्हातारीनं मला मात्र उठू दिलं नाही. गरम भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. त्या दुपारी माय आणि लेक समोरासमोर बसून जेवले. तिच्या पानात पहिली भाकर लेकानं वाढली.

गल्लीनं हरकतीत गोंगाट लिहिला होता, आडव्यातिडव्या गाड्या लिहिल्या होत्या, पोरींची काळजी लिहिली होती. सगळं खरंच होतं. पण बारची वेळ वाढते तेव्हा घरोघरची वाटही लांबते, मालकाच्या घरची आणि गिऱ्हाइकाच्याही, हे मला त्या म्हातारीनं शिकवलं. पुढं असा कुठलाही अर्ज आला की मी आधी विचारायचो, मालकाच्या घरी कोण कोण आहे?

निवृत्तीनंतर एकदा त्या गल्लीतून चाललो होतो. खाली मालक वेळेवर शटर ओढत होता. वर गॅलरीत म्हातारी उभी होती, तब्येत चांगली दिसली.

"काय माय, फ्यूज सगळे जागेवर ना?"

तिनं आधी खाली लेकाकडं पाहिलं, मग कठड्यावरून वाकून हळूच म्हणाली, "एक ठेवला हाय डब्यात. पोराचा काय भरोसा, साहेब?"