बँकॉकला निघालेल्या अक्का

अक्कांना एका जागेहून दुसऱ्या जागी सरळ कधी जाताच आलं नाही. हळद आणायला म्हणून सांगलीच्या बाजाराकडे निघायच्या, वाटेत रिक्षा थांबवून कुणाच्या तरी बाळंतिणीला बघून यायच्या, कुणाला तरी दवाखान्याचा पत्ता समजावत बसायच्या आणि उन्हं कलली की हळद न घेताच घरी. रिक्षात आपण ताटकळतोय हे त्यांच्या गावीही नसे. बोललं तर वर ऐकवायच्या, "आले की! घर काय पळून चाललंय व्हय?"

हे सगळं माहीत असून मी आणि मंदानं त्यांना बँकॉकला न्यायचं ठरवलं, याला काय म्हणावं! आम्ही तिघी कृष्णेच्या काठी रोज फिरायला जाणाऱ्या मैत्रिणी. मी निवृत्त शिक्षिका, मंदा शिवणकाम करते, आणि अक्का आमच्याहून बऱ्याच मोठ्या, एकट्या राहणाऱ्या. मंदाच्या भाचीनं पुण्याहून सुटणाऱ्या विमानाची स्वस्तातली तिकिटं काढून दिली. इतकी स्वस्त, की विमान चुकलं तर पैसे बुडाले, आणि सोबत प्रत्येकीला एकच लहान पिशवी. हे मी अक्कांना आठवडाभर समजावत होते. त्या मान डोलवत होत्या.

निघायच्या दिवशी सकाळी त्या गाडीत येऊन बसल्या, तेव्हा मी बघतच राहिले. एकावर एक दोन साड्या, वर स्वेटर, स्वेटरच्या खिशांत शेंगदाण्याची चटणी. तेही ऐन मे महिन्यात!

"पिशवी एकच हाय का न्हाई?" त्या म्हणाल्या. "अंगावरच्याला कोन वजन करतंय?"

मंदा हसत सुटली. मला काही हसू आलं नाही.

कराड मागे पडलं. सातारा जवळ आला तसं अक्का एकदम ड्रायव्हरला म्हणाल्या, "म्होरं डावीकडं घे रं."

"आता कुठं?"

"दादाकडं. पाच मिंटं."

मी भडकलेच. तोंडाला येईल ते बोलले. अक्का नेहमीसारख्या उलट बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "आई गेली तवा त्यानं मला निरोप धाडला हुता. मी वाटंत नणंदेकडं थांबले. पोचले तवा समदं उरकलं हुतं. तवापास्नं तो माज्याशी बोलत न्हाई. आता इमानात बसायचं. वर काय झालं तर?"

राग गेला नव्हता, पण मीच ड्रायव्हरला डावीकडे घ्यायला सांगितलं.

अक्कांचे दादा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. अंगणात मोटारसायकल पुसत होते. बहिणीला पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागले.

"दादा, मी बँकॉकला चाललीया."

फडकं फिरतच होतं. मान वर न करताच विचारलं, "कशानं?"

"इमानानं."

"कवा हाय?"

अक्कांना कुठली वेळ माहीत! मी सांगितली. दादांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि फडकं फेकून दिलं.

"आनि हितं काय करतीस गं? ह्या खेपंलाबी उशीर? बस गाडीत! फटाफट!"

त्यांनी मोटारसायकलला किक मारली आणि उसातल्या आडरस्त्यानं आमच्या पुढे निघाले. समोरून ट्रॅक्टर आला, तर त्याला ओरडून बाजूला घ्यायला लावलं. हायवेला आणून सोडलं. अक्कांनी खिडकीतून डोकं काढलं. "दादा, काय आनू तुला?"

"आदी पोच तर!"

पुढे घाटात ट्रक बंद पडून रस्ता अडलेला. मी कपाळाला हात लावून बसले होते, आणि अक्का दोन साड्यांपैकी वरच्या साडीच्या पदरानं डोळे पुसत मंदाला परत परत सांगत होत्या, "बोलला की गं!"

विमानतळावर आम्ही पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायच्या बेतात. तपासणी करणाऱ्या बाईला साडीखाली साडी लागली, मग चटणी निघाली. अक्कांनी तिलाच थोडी चटणी देऊ केली. आम्ही धावत, धापा टाकत विमानात बसलो. तिथं अक्का मला म्हणतात, "उगं घाई केलीस. बसलो का न्हाई?"

बँकॉकचं मी काय पाहिलं म्हणाल, तर अक्कांची पाठ. रस्त्यावर कुणी काही तळताना दिसलं की त्या बसमधून उतरल्याच, आणि आम्ही त्यांच्या मागे. भावासाठी त्यांनी भडक फुलाफुलांचा शर्ट घेतला. परतताना पुन्हा न विचारता गाडी साताऱ्याला वळवली. सुभेदारांनी शर्ट उलटसुलट करून बघितला, "ह्यो कोन घालनार?" म्हणाले आणि आत नेऊन ठेवला.

गेल्या वर्षी सुभेदारांना पक्षाघात झाला. घरात दुसरं कुणी नाही. अक्का सांगलीच्या घराला कुलूप लावून साताऱ्याला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. मी आणि मंदा आता काठावरून वेळेत फिरून येतो. बोलायला फारसं काही नसतं.

परवा सुभेदारांचा फोन आला. जीभ अजून जड आहे, पण बोलणं कळतं.

"बाई, तुमची मैत्रीण घिऊन जावा. लय डोकं खाती."

"खरंच येऊ न्यायला?"

घाईघाईनं म्हणाले, "न्हाई. ऱ्हाऊ द्या."