आत्याबाईंच्या लाखातल्या एक हजार

माणसाची नीती पाच पायऱ्यांनी वर चढते, असं मी सोलापुरातल्या एका शाळेत तीन वर्षं शिकवत होतो. त्या पाचही पायऱ्या मी एका रविवारी, चहा आणि आंघोळ यांच्या दरम्यान, उतरून आलो.

हे पायऱ्यांचं खूळ मी पुण्याच्या ट्रेनिंगमधून आणलेलं. मूल आधी छडीला भिऊन चांगलं वागतं, मग खाऊच्या आशेने, मग चारचौघांनी शाबास म्हणावं म्हणून, मग नियम आहे म्हणून, आणि सरतेशेवटी कोणी बघत नसतानाही, स्वतःच्या मनाला पटतं म्हणून. आमच्या हेडमास्तरांना हे इतकं आवडलं, की नीतिपाठाचा तास त्यांनी माझ्याच गळ्यात मारला. (गणिताचा मात्र काढून घेतला नाही.)

आता वातींचं सांगतो. माझ्या आत्याबाई आमच्याकडेच असायच्या. आदल्या वर्षी मी विषमज्वराने अंथरुणाला खिळलो आणि डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा त्यांनी देवाला लाख फुलवाती बोलल्या. मी उठलो आणि आत्याबाई बसल्या! वर्षभर बसल्या. परसातल्या झाडाचा देवकापूस, अंगावर सोवळं, तोंडाने नाम. हजार वाती झाल्या की फडक्यात एक पुरचुंडी बांधायची. अशा शंभर पुरचुंड्या मधल्या खोलीतल्या फळीवर रचून ठेवलेल्या होत्या. त्रिपुरी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती आणि वाती लावायच्या दिवशी यायची बोलावणी आळीभर गेली होती.

त्या रविवारी मी सायकल पुसायला काढली. चेनला तेल जास्त झालं होतं आणि घरात वेळेवर चिंधी मिळेल तर शपथ. फळीवर न बघताच हात फिरवला, एक पुरचुंडी सुटली, मऊ कापूस लागला, घेतला. चेन पुसली, चाकांच्या तारा पुसल्या, घंटीसुद्धा चकचकीत केली. शेवटची मूठ हातात घेतली तेव्हा दिसलं, की त्या कापसाच्या प्रत्येक गोळ्याला वर एक नाजूक, नीट वळलेलं टोक आहे. माझ्या जिवासाठी वळलेल्या हजार वातींनी मी सायकल पुसली होती.

कुणालाही आधी वाईट वाटलं असतं. मला आधी लहानपणी पाठीत बसलेलं आत्याबाईंचं उलथनं आठवलं. अडतिसाव्या वर्षी, नीतिपाठाचा मास्तर असताना!

मग मी घरच्यांचा सल्ला घ्यायचं ठरवलं, पण शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे आपलं नाव न घेता. बायकोला आणि दोन्ही मुलींना परसात बोलावलं आणि सुरुवात केली, की समजा, एका सद्गृहस्थाच्या हातून चुकून... एवढ्यात सहा वर्षांची कुसुम सायकलखालच्या काळ्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, या आत्याआजीच्या वाती आहेत." शास्त्रीय पद्धत तिथेच संपली.

कुसुमचं मत पडलं की सांगू नये, आत्याआजी मारेल. अकरा वर्षांची शांता म्हणाली की ती गप्प बसेल, पण सायकलवर बसवून तळ्यापर्यंत न्यायचं, आणि तेही मैत्रिणीच्या घरावरून. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "बोलावणी गेलीत हो. आळीतल्या बायका काय म्हणतील?" मी नियमाचा आधार शोधू लागलो. नव्व्याण्णव हजारांनाही लोक बोलताना लाखच म्हणतात, असा एक मुद्दा मी मांडून पाहिला. त्यावर बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती लग्नाला चौदा वर्षं झाल्याशिवाय येत नाही. इतक्या पायऱ्या एकाच परसात मला ट्रेनिंग कॉलेजातही बघायला मिळाल्या नव्हत्या, आणि सगळ्यात वरची मात्र नाहीच!

शेवटी ठरलं, की बाजारातला कापूस आणून गुपचूप हजार वाती वळायच्या आणि पुरचुंडी जागेवर ठेवायची. परसातल्या लाकडाच्या खोलीत आम्ही चौघं दार ओढून बसलो. बायकोच्या वाती बऱ्या होत होत्या. शांताच्या पिळदार, कुसुमच्या चपट्या, आणि माझ्या तर मुळ्याएवढ्या! दोन तासांत सगळ्यांच्या मिळून सत्तर झाल्या. कुसुमला हसू आवरेना, मी तिच्यावर खेकसलो, बायको माझ्यावर खेकसली, आणि त्या आवाजाने दार उघडून आत डोकावली ती जवळच्या कुंभारी गावाहून दूध घालायला येणारी चंद्राबाई.

तिला काही सांगावं लागलं नाही. तिने माझ्या हातातला मुळा पाहिला, बाहेरची सायकल पाहिली आणि डोक्यावरची चरवी खाली ठेवली.

"मास्तर, म्हातारीला ठावं हाय का ह्ये?"

मी म्हणालो की नाही, आणि आत्याबाईंना वाईट वाटू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे.

"आन् द्येवाम्होरं तिनं लाख म्हणून लावायच्या? न्हाय मास्तर. नवस तिचा हाय की. काय करायचं ते तिला इचारा, तुमी कोन ठरवनार?"

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई चरवी उचलून चालती झाली. मी तीन वर्षं फळ्यावर खडूने जी पायरी काढत होतो, तिच्यावर ही रोज दूध घेऊन उभी होती, आणि मी तिला दुधात पाणी आहे का एवढंच विचारत आलो होतो. मला स्वतःचा मनस्वी राग आला.

मी तसाच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लाकडाच्या खोलीतल्या सत्तर वातींसकट. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने पुसलं. त्यापेक्षा उलथनं परवडलं असतं.

मग म्हणाल्या, "दत्तू, सायकल तरी स्वच्छ झाली का?"

"झाली."

"बरं. नवस मी बोलले, पण जीव तुझा होता. आता हजार तुझ्या हातच्या असू देत. देवकापूस आहे शिल्लक. आंघोळ कर, कद नेस, कुणाला शिवायचं नाही, आणि ओसरीवर बसून वळ. लपून वळलेल्या मला चालायच्या नाहीत."

अशा रीतीने त्याच संध्याकाळी मी उघड्या अंगाने, रेशमी कद नेसून, रस्त्याला लागून असलेल्या ओसरीवर वाती वळत बसलो. मन अगदी हलकं झालं होतं. खरं बोलल्यावर माणसाला किती बरं वाटतं, यावर उद्याच एक नीतिपाठ घ्यावा असं मनात येत होतं, तोच फिरायला निघालेले हेडमास्तर समोर उभे राहिले.

"काय मास्तर, हे काय चाललंय?"

"हस्तव्यवसायाचा पाठ तयार करतोय, सर," मी म्हणालो. इतक्या सहज, की माझं मलाच कळलं नाही!

हेडमास्तरांना फारच आनंद झाला. पुढच्या महिन्यात दिपोटी साहेब तपासणीला येणार आहेत, तेव्हा याच पोशाखात वर्गापुढे करून दाखवा, असं सांगून ते निघून गेले.

कुसुम खांबाला टेकून सगळं ऐकत होती. तिने अगदी मनापासून विचारलं, "बाबा, हेसुद्धा आत्याआजीला सांगायचं ना?"

मी घाईघाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. आणि झालं! तिला शिवलो, सोवळं मोडलं, पुन्हा आंघोळ करणं आलं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज ऐकून आत्याबाईंनी आतूनच विचारलं, "आता परत आंघोळ कशाला रे दत्तू?"

"उकडतंय," मी म्हणालो, आणि कार्तिकातल्या गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतून घेतला.