बुद्धासमोर पाय पसरू नयेत

पवित्र स्थळी गेलं की माणसाला देहाचा विसर पडतो. बँकॉकच्या जुन्या भागातल्या निजलेल्या बुद्धाच्या देवळात मात्र आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, दारातच गुडघे आठवले. मूर्तीकडे पाय करून बसू नये, अशी चित्रासकट पाटी होती आणि आक्काचे गुडघे तर कित्येक वर्षांत दुमडलेले नाहीत. इतक्या लांब येऊन घटकाभर समोर बसताही येऊ नये, म्हणून तिचा चेहरा उतरला.

"यांनी स्वतः मात्र कसे ऐसपैस पसरलेत बघ," सोनेरी बुद्धाच्या भल्यामोठ्या पावलांकडे पाहत ती पुटपुटली.

खांबाशी बसलेल्या एका थाई आजींनी तिची अडचण ओळखली. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर थापटी मारून तोंड वाकडं केलं, आक्काला हात धरून शेजारी बसवलं आणि तिचे पाय आपल्यासारखेच भिंतीकडे वळवून दिले.

"जिना उतरताना जास्त दुखतं हो बाई," आक्का मराठीत म्हणाली. आजी थाईत बरंच बोलल्या. त्यातही जिनाच असावा, कारण हात पायरी पायरीने खाली येत होता. मग दोघी खळखळून हसल्या. करुणेवर मी बरीच जाड पुस्तकं वाचली आहेत. गुडघ्यावरच्या थापटीचा उल्लेख एकातही नाही.

आक्का चांगली तासभर बसली. शेवटी दोघींना उठवायला मी आणि दारावरचा पहारेकरी, असे दोघे लागलो.