ताईचं चौथं प्रकरण

सिन्नरला आमच्या घरात सगळेच विड्या वळायचे. वडील लवकर गेले. माझ्या वह्यांनाही तंबाखूचा वास यायचा, म्हणून गुरुजी मला मागच्या बाकावर बसवायचे. दोघा भावंडांपैकी एकालाच पुढे शिकवणं जमणार होतं. दहावीनंतर ताई मांडीवर सूप घेऊन आईशेजारी बसली आणि मी कॉलेजात गेलो. घरातला पहिला पदवीधर मी, हे छाती काढून सांगतो. पण शिकली खरी ती. लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर बाहेरून बी.ए., एम.ए. केलं. नाशिकच्या वस्त्यांवर बायांचे साक्षरता वर्ग घेता घेता, चाळिशी उलटल्यावर, प्रौढ व निरंतर शिक्षणात पीएच.डी.ला नाव घातलं.

गेल्या महिन्यात ताई गेली. शोकसभेत तिचे मार्गदर्शक उठले आणि म्हणाले, "मी घडवलेली विद्यार्थिनी." घडवलेली! याच माणसाच्या मुलीच्या लग्नात पीएच.डी.चे विद्यार्थी पंगतीत वाढत होते, आणि माझी पन्नाशीला टेकलेली बहीण बुंदीचं पातेलं घेऊन फिरत होती. "अगं, तू आचारी आहेस का?" मी चिडलो. "सही त्यांचीच लागते ना रे... तू जेव. अजून वाढू?"

साक्षरतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या बायांना ताईनं दोन-तीन वर्षांनी पुन्हा गाठलं होतं. बऱ्याच जणी अक्षरं विसरल्या होत्या. वर्ग बंद पडलेले, हाताशी वाचायला काही नाही. तेच तिनं चौथ्या प्रकरणात लिहिलं. सर म्हणाले, "हे काढून टाका, बाई. ते वर्ग आपल्याच विभागाचे होते. यश दाखवा, यश!" ही काढेना, ते सही करेनात. वर्षं गेली... शेवटी मीच म्हणालो, "ताई, बदल की एक प्रकरण. कोण वाचतंय?" ती म्हणाली, "बायांनी विश्वासानं सांगितलंय, बाळू. तू शिकलास ना रे?" सरांची किळस येते तशी मला त्या दिवसाची माझीही येते.

मुदत संपत आली. विद्यार्थी वाया गेला तर बट्टा आपल्यालाच, म्हणून सरांनी सही केली, पण मौखिकीला, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेला, बघून घेतो म्हणाले. मौखिकी कुणालाही ऐकता येते. कुणी सांगितलं कोण जाणे, वस्तीवरच्या सात-आठ बाया कामाचा खाडा करून मागच्या खुर्च्यांवर येऊन बसल्या. सरांनी परगावच्या परीक्षक बाईंना सुचवलं, "चौथ्या प्रकरणाला पुरावा कच्चा आहे. वगळायला सांगा."

तशा ताईच्या वर्गातल्या हिराबाई उठल्या. "मॅडम, मला घडाघडा वाचता यायचं. आता सोताचं नावबी लिवता येत नाय. लय लाज वाटती सांगाया... पर ताईनं लिवलं ते खरं हाय."

शेजारची म्हणाली, "पुरावा म्हंजी आमीच की! अजून काय पायजे?"

चारचौघांत आपलं अडाणीपण उघडं करायची छाती त्या बायांना होती. दोन शिकलेल्या पुरुषांना नव्हती.

परीक्षक बाईंनी प्रकरणाला हात लावू दिला नाही. ताईला पीएच.डी. मिळाली. तिचा प्रबंध ग्रंथालयात आहे आणि चौथं प्रकरण तिनं लिहिलं तसंच आहे.